भग्नावशेष कोणाचे? मरोळशेजारच्या लेण्यांची एक दिवसाची सहल

युरोपच्या सहलीला गेलेली मराठी मंडळी रोमला पोहोचली की एक दिवस पॉम्पेईसाठी राखून ठेवलेला असतो. सकाळी हॉटेलच्या दारात बस येते, गाईड हातातली छत्री उंच धरून पुढे चालतो आणि कानात यंत्र लावलेला घोळका त्याच्या मागून. इ.स. ७९ साली व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर दोन-तीन तासांत पाहून होतं. परत आल्यावर प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘दोन हजार वर्षं जुनं, पण काय जपलंय!’

मरोळमध्ये हे वाक्य नेहमी ऐकू येतं. आमचं उपनगर विमानतळाला खेटून आहे, त्यामुळे परदेशी जाऊन आलेल्यांची इथे वाण नाही. गंमत अशी की याच मरोळमधून रिक्षाने थोड्या वेळात गाठता येईल अशा कोंडिविटेच्या टेकडीवर पॉम्पेईच्या जोडीची जुनी लेणी आहेत. ‘महाकाली केव्हज रोड’ हे नाव अंधेरी पूर्वेच्या माणसाच्या तोंडी दिवसातून चारदा येतं. पत्त्यात, बसच्या पाटीवर, रिक्षावाल्याशी बोलताना. पण त्या नावातल्या ‘केव्हज’ कितीजणांनी पाहिल्या आहेत, हे आपल्याच इमारतीत विचारून बघा.

हा लेख आपण परदेशी जाऊ नये म्हणून लिहिलेला नाही. जरूर जावं. पण जुने अवशेष पाहायला गेल्यावर काय पाहायचं, गाईडला काय विचारायचं आणि मुख्य म्हणजे ते अवशेष ‘कोणाचे’ समजायचे, याचा विचार घराजवळच्या टेकडीवर आधी करता येतो.

गाईड आणि राक्षस

अवशेष दाखवणारे वाटाडे आजचे नाहीत. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसानियस नावाच्या लेखकाने ग्रीसभर फिरून तिथल्या देवळांची आणि पडक्या नगरांची वर्णनं लिहून ठेवली. त्या वेळी ग्रीस रोमन साम्राज्याचा भाग होता. अर्गोस या शहराबद्दल लिहिताना तो तिथल्या वाटाड्यांविषयी तक्रार करतो. आपण सांगतो ते सगळं खरं नाही हे त्यांना ठाऊक असतं, तरी ते तेच सांगत राहतात, असं त्याचं म्हणणं आहे. अठराशे वर्षं होऊन गेली, पण ही तक्रार अजून शिळी झालेली नाही.

आपल्याकडेही लेणं दिसलं की ते पांडवांनी खोदलं, तेही एका रात्रीत, असं सांगायची पद्धत आहे. नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांचं तर नावच ‘पांडवलेणी’ पडलं. कान्हेरीच्या लेण्यांतून खंबायतपर्यंत भुयार जातं, अशी कथा पोर्तुगीजांच्या काळापासून लिहिली गेली आहे. कोंडिविटेलाही महाकालीचं नाव मिळालं ते शेजारच्या देवळामुळे. मूळ लेणी बौद्ध भिक्खूंची आहेत.

लोककथा असायला हरकत नाही. अडचण अशी की एकदा काम भीमाच्या किंवा राक्षसाच्या नावावर गेलं की ते ज्यांनी केलं ती माणसं गायब होतात. ही अडचण नेमकी पकडली ती इब्न खल्दूनने. हा इतिहासकार १३३२ साली ट्यूनिसमध्ये जन्मला. त्याच्या गावाशेजारी कार्थेजचे अवशेष होते आणि शहराला पाणी आणणाऱ्या रोमन जलसेतूच्या कमानी उभ्या होत्या. लोक म्हणत, एवढं बांधकाम करणारे पूर्वज अंगापिंडाने राक्षसासारखे असले पाहिजेत. इब्न खल्दूनने १३७७ साली लिहून काढलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात ही समजूत खोडून काढली. त्याचा मुद्दा साधा आहे. माणसं आपल्याएवढीच होती. त्यांच्याकडे एकत्र राबणारे हजारो हात होते, ओझी उचलणारी यंत्रं होती आणि हे सगळं जमवून आणणारं राज्य होतं. अरबस्तानातल्या समूद लोकांनी डोंगरात कोरलेल्या घरांचा दाखलाही तो देतो. ते लोक राक्षसासारखे असते तर त्यांच्या घरांचे दरवाजे इतके लहान कसे असते?

कोंडिविटेला जाताना हा सहाशे वर्षांपूर्वीचा गाईड मनात घेऊन जावं. दरवाजे पाहावेत, उंबरे पाहावेत, छिन्नीच्या खुणा पाहाव्यात.

टेकडीवर काय पाहावं

कोंडिविटेला एकूण १९ लेणी आहेत. टेकडीच्या एका अंगाला चार, दुसऱ्या अंगाला पंधरा. खोदकाम साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकात सुरू झालं आणि थांबत-थांबत सहाव्या शतकापर्यंत चाललं, असं अभ्यासक मानतात. बहुतेक लेणी म्हणजे विहार, भिक्खूंच्या राहण्याच्या जागा. पुढे ओसरी, आत खोली, भिंतीला धरून दगडी बाक. खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. टाकी पाहून न थांबता पुढे जाऊ नये. टेकडीवर राहायचं तर पावसाचं पाणी साठवावं लागतं. ते चर काढून टाकीत कसं आणलं हे समजलं की भिक्खूंचं रोजचं जगणं समोर येतं.

सगळ्यात मोलाचं आहे ते नऊ नंबरचं लेणं. हा चैत्य आहे, म्हणजे प्रार्थनेची जागा. कार्ले किंवा भाजे पाहिलेल्या माणसाला इथे दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा अपेक्षित असतात. त्या इथे नाहीत. साधं लांबट दालन आहे आणि त्याच्या टोकाला दगडातच कोरलेली एक गोल झोपडी. तिला दार आहे, दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी जाळीच्या खिडक्या आहेत आणि आत स्तूप आहे. अशी रचना भारतात फार थोड्या ठिकाणी सापडते. तिचे जवळचे नातेवाईक आहेत थेट बिहारमध्ये, बराबर डोंगरातल्या मौर्यकाळातल्या सुदामा आणि लोमस ऋषी या लेण्यांत. लाकूड आणि गवताच्या गोल झोपडीत पूजा करण्याची आधीची रीत दगडात उतरली ती अशी. भिंतीवरच्या बुद्धमूर्ती नंतरच्या शतकांतल्या आहेत. म्हणजे एकाच दालनात दोन काळ दिसतात. आधी केवळ स्तूपाला वंदन करणारे, नंतर मूर्ती घडवणारे.

याच लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लहानसा लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिला, असा त्याचा आशय. राजाचं नाव नाही, पराक्रमाचं वर्णन नाही. एक ब्राह्मण बौद्ध भिक्खूंना राहायला जागा करून देतो आणि आपलं व गावाचं नाव कोरून घेतो, एवढंच. आज धर्मांच्या सीमा आपण जितक्या घट्ट मानतो तितक्या त्या देणगीदाराला वाटत नसाव्यात.

मागच्या एका हिवाळ्यात रविवारच्या सहलीबरोबर मी या टेकडीवर होतो. घोळक्यात मरोळच्याच एका शाळेतली चार-पाच मुलं होती, त्यांतली दोन-तीन मुसलमान. स्तूपासमोर उभं राहून त्यांतल्या एकाने गाईडला विचारलं, ‘सर, ये किसका है?’ गाईड म्हणाला, ‘बौद्धांचं.’ उत्तर बरोबर होतं. लेणी बौद्धांनी खोदली, बौद्धांसाठी खोदली, आणि हे ठामपणे सांगितलं पाहिजे, कारण अनेक ठिकाणी ते विसरवलं गेलं आहे. पण मुलाने मान डोलावली आणि तो बाजूला झाला. हे आपलं नाही, एवढंच त्याने त्या उत्तरातून घेतलं. इतिहासाच्या पुस्तकातूनही अनेक मुलं एवढंच घेतात. त्या मुलाला पुढचं सांगायला हवं होतं. इथे खर्चाला लागलेला पैसा आला कुठून, कोणाकोणाच्या हातून आला, आणि या टेकडीभोवती नंतर कोण-कोण राहून गेलं.

रोमचा पैसा, यवनांचं दान

लेण्यांना पैसा लागतो. पाथरवटांना वर्षानुवर्षं पोसावं लागतं. साष्टी बेटावरच्या लेण्यांचा हा खर्च कोणी केला, याचं उत्तर बोरिवलीजवळच्या कान्हेरीत सापडतं. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या वसाहतीतल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतले व्यापारी येतात. सोनार येतो, लोहार येतो, सोपाऱ्याचा रत्नपारखी येतो. कोणी लेणं देतो, कोणी पाण्याचं टाकं.

ही बंदरं त्या काळी रोमन साम्राज्याशी व्यापार करत होती. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावं ओळीने येतात. कल्याण पूर्वी खुली बाजारपेठ होती. पण सत्ताबदल झाल्यापासून तिथे चुकून पोहोचलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असा इशाराही त्यात आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या चढाओढीची ही झळ. जहाजांतून इटलीची दारू यायची, तांबं, कथील, पोवळी, काच यायची, सोन्या-चांदीची नाणी यायची. भारताकडे दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स एवढी रक्कम वाहून जाते, असं रोममध्ये बसून प्लिनी कुरकुरत होता.

या व्यापाराच्या खुणा महाराष्ट्रभर पडल्या आहेत. घारापुरीच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडावर समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती सापडली. ती आज तिथल्या टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आणि पॉम्पेईला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की तिथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याच धाटणीच्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. नेपल्सच्या संग्रहालयात ठेवलेली ती मूर्ती पाहताना जालना-धाराशिवचा माणूस परका प्रेक्षक उरत नाही. तेरचं लामतुरे संग्रहालय पाहून मग तिथे जावं.

व्यापारासोबत माणसंही आली. कार्ल्याच्या चैत्यातल्या अनेक खांबांवर ‘यवन’ देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्यांचं दान दिलं. यवन म्हणजे मुळात ग्रीक, आणि पुढे पश्चिमेकडून आलेला कोणीही. यांतल्या काहींची नावं पूर्ण भारतीय झालेली दिसतात.

आता हा ‘यवन’ शब्द मराठीत पुढे कुठे गेला ते पाहा. बखरींपासून ऐतिहासिक कादंबऱ्यांपर्यंत येता-येता तो मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला, आणि त्याच्या पोटात आक्रमक, विध्वंसक हा अर्थ येऊन बसला. शाळेतल्या नाटकात ‘यवनांनो’ अशी आरोळी ऐकत आमच्या पिढीतली मुसलमान मुलं मोठी झाली. त्या शब्दाचा सह्याद्रीतल्या दगडांवरचा जुना वापर मात्र खांब उभे करणाऱ्यांसाठी आणि पाण्याची टाकी खोदवणाऱ्यांसाठी आहे. हा फरक एखाद्या गाईडने कार्ल्याच्या खांबाजवळ उभं राहून दोन मिनिटांत सांगितला, तर इतिहासाच्या दहा भाषणांचं काम होईल.

नंतर आलेले

साष्टीची लेणी भिक्खूंनी सोडल्यावरही माणसांचं येणं थांबलं नाही. कान्हेरीच्या ९० नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीत लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ सालचे. लेणी पाहायला आलेल्या पारशांनी आपली नावं आणि तारखा तिथे कोरून ठेवल्या. साष्टीतली एका दिवसाची सहल निदान हजार वर्षं जुनी आहे ती अशी. आज भिंतीवर नाव कोरलं तर तो गुन्हा आहे आणि असायलाच हवा. पण त्या पारशांच्या नावांना आता पुराव्याचं मोल आलं आहे.

त्याच्याही आधी अरब व्यापारी या किनाऱ्यावर स्थिरावले होते. बगदादचा प्रवासी इतिहासकार अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमाराला सैमूरला, म्हणजे चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं तो लिहितो. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. त्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. राज्य होतं राष्ट्रकूटांचं.

याच काळातला एक पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांत आहे. शक ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या त्या ताम्रपटानुसार संजाण प्रदेशाचा कारभार राष्ट्रकूट राजाने मधुमती सुगतिप नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे सोपवला होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. या अधिकाऱ्याने नदी ओलांडायला फुकट होडी सुरू केली. वाटसरूंसाठी अन्नछत्र उघडलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला डागडुजीसाठी व नैवेद्यासाठी जमीन देण्यात आली, ती याच्या पुढाकाराने आणि राजाच्या संमतीने. इतिहासकार ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी दाखवून दिलं आहे की त्या काळचे संस्कृत लेख या लोकांना ताजिक, तुरुष्क, यवन, पारसिक म्हणतात. म्हणजे ओळख धर्मावरून नाही, कुठून आले त्यावरून आहे.

कोंडिविटेच्या टेकडीखाली आणखी एक थर आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली या गावात चर्च बांधलं. १८४० च्या साथीनंतर गाव ओस पडलं आणि माणसं मरोळकडे सरकली. चर्च मागे राहिलं. आज त्याच्या भिंती सीप्झच्या कुंपणाच्या आत उभ्या आहेत, संगणक आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या मधोमध. इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती वर्षातून एकदा तिथे मिस्सासाठी जमतात. म्हणजे शेकडो वर्षांच्या अंतराने ओस पडलेल्या दोन प्रार्थनास्थळांच्या मधून रोज हजारो माणसं कामाला जातात.

आणि आजचं मरोळ? इथे कोळी आहेत, ईस्ट इंडियन आहेत, कोकणी आणि उत्तर भारतीय मुसलमान आहेत, बोहऱ्यांची अरबी विद्यापीठाची इमारत आहे, बौद्ध वस्त्या आहेत, दक्षिणेतून आलेली कुटुंबं आहेत. यांतला प्रत्येक समाज कधी ना कधी इथे येऊन वसला. कल्याणच्या बाजारातला यवन आणि चौलचा अरब जसा वसला, तसाच.

वारसदार कोण?

वारसा म्हणजे रक्ताचं नातं, असं धरलं तर कोंडिविटेला वारसदार उरणार नाहीत. त्या ब्राह्मण देणगीदाराचा वंश कोण सांगणार? लेणी खोदणाऱ्या पाथरवटांची तर नावंही कोरलेली नाहीत. आणि आजचे इटालियन तरी जुपिटरची पूजा कुठे करतात? तरी कोलोसियम त्यांचं आहे, कारण ते त्याची देखभाल करतात, त्याचा अभ्यास करतात, आपल्या मुलांना तिथे घेऊन जातात. वारसा हा करण्याने सिद्ध होतो. कोंडिविटेची लेणी बौद्धांची आहेत, आणि म्हणूनच ती समजून घेणं, सांभाळणं हे मरोळच्या प्रत्येकाचं काम आहे. त्या शाळकरी मुलाला द्यायचं उत्तर हे आहे: बनवलं बौद्धांनी, अशा लेण्यांचा खर्च उचलला ब्राह्मणापासून यवनापर्यंत अनेकांनी, आणि आता सांभाळायचं तुला आहे.

सांभाळण्याला अर्थ आहे, कारण धोका खरा आहे. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. मुंबईत जमिनीचे भाव पाहता कुठल्याही मोकळ्या टेकडीवर डोळा असणार हे उघड आहे. कायदा कागदावर असतो. त्या टेकडीवर नियमित जाणारी, बदल झाला की तक्रार करणारी माणसं असली तरच तो जमिनीवर उतरतो.

म्हणून एखाद्या रविवारी जा. पावसाळ्यानंतर जा, टेकडी हिरवी असते आणि टाक्यांत पाणी असतं. वाट दाखवणारा माणूस सोबत घेतलात तर त्याला तीन गोष्टी विचारा. पाणी कुठून यायचं? पैसा कोणी दिला? आणि नंतर इथे कोण राहिलं? ज्या गाईडला या तिन्हींची उत्तरं देता येतात, त्याच्यासोबत पॉम्पेईलाही जायला हरकत नाही. उत्तरं येत नसतील तर ती शोधायला त्याच्यासोबत पुन्हा एकदा टेकडी चढा. मुलांना न विसरता न्या, आणि नऊ नंबरच्या लेण्यातला तो ब्राह्मी लेख त्यांना बोट दाखवून, हात न लावता, दाखवा.